पहिला स्वस्त कार नेव्हिगेटर: इंदूरच्या रस्त्यांवर काय चालतं, काय अडतं

इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानात जाऊन नुसतं "गाडीसाठी जीपीएस दाखवा" म्हटलं, तर काउंटरवर तीन वेगवेगळ्या वस्तू येऊ शकतात. एक काडेपेटीएवढी काळी डबी. तिच्यात सिमकार्ड असतं, गाडी कुठे आहे ते ती मालकाच्या फोनवर कळवते, रस्ता दाखवत नाही. बस-टॅक्सींना एआयएस-१४० या मानकाप्रमाणे पॅनिक बटणासकट जे यंत्र बसवावं लागतं, ते याच जातीचं. दुसरी वस्तू डॅशबोर्डात बसणारा अँड्रॉइड स्टिरिओ. तिसरी म्हणजे काचेला चिकटणारा, चार ते सात इंची पडद्याचा, स्वतःच्या पोटात नकाशा घेऊन फिरणारा नेव्हिगेटर. इथे बोलायचंय ते या तिसऱ्याबद्दल, आणि तेही दहा हजारांच्या आतल्या, पहिल्यांदाच घेतलेल्या यंत्राबद्दल. मग तो नवा असो, वापरलेला असो, की कुणी पाहुण्याने परदेशातून आणून दिलेला असो.

स्वस्त यंत्रातली जीपीएसची चिप बहुतेक वेळा चांगलीच असते. उघड्या आकाशाखाली ती तीन ते पाच मीटरच्या आत जागा सांगते, आणि महागडं यंत्रही याहून फार काही वेगळं करत नाही. पैसे वाया जातात ते शिळ्या नकाशापायी, उन्हात भाजलेल्या बॅटरीपायी आणि दोनशे रुपयांच्या रद्दी चार्जरपायी. त्यामुळे दुकानात पडद्याचे इंच मोजत बसण्यापेक्षा पहिला प्रश्न नकाशाचा विचारा: कोणत्या कंपनीचा, कोणत्या वर्षाचा, आणि नवा टाकायचा झाला तर कुठून व किती रुपयांत. दुकानदाराने "सगळं इंडिया टाकून दिलंय" एवढंच सांगितलं, तर आत बहुधा परवाना नसलेली कॉपी आहे असं समजा. ती चालते, पण तिला अपडेट कधीच मिळत नाही.

नकाशाचं वय कसं ओळखायचं

सेटिंगमध्ये "अबाउट" किंवा "मॅप इन्फो" असं पान असतं. तिथे वर्ष आणि तिमाही लिहिलेली असते. पण हे पान खोटंही बोलतं, कारण सॉफ्टवेअर नवं आणि नकाशा जुना अशी सरमिसळ सर्रास असते. म्हणून नकाशालाच प्रश्न विचारायचे.

इंदूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोट ठेवा. तिथे "एनएच ३" लिहून आलं, तर नकाशा जुन्या क्रमांकांवर आहे. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० साली बदलले आणि या रस्त्याचा ५२ झाला. धार-झाबुआवरून गुजरातेत जाणारा जुना ५९ आता ४७ आहे. यंत्र "एनएच ३ वर राहा" म्हणतं आणि बाहेरची पाटी ५२ दाखवते, तेव्हा नवखा ड्रायव्हर नेमका फाट्यावर गाडी हळू करतो. मागून ट्रक येत असतो.

मग नावं बघा. नर्मदापुरम शोधा. सापडलं नाही आणि होशंगाबाद सापडलं, तर नकाशा २०२२ च्या आधीचा. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ चं, अहिल्यानगर २०२४ चं. अहिल्यानगर हे नाव इंदूरकरांना ओळखीचं वाटणारच, पण जुन्या नकाशात तिथे जायचं तर अहमदनगरच टाइप करावं लागतं. महूची गंमत उलटी: सरकारी नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, तरी बहुतेक नकाशांत दोन्ही सापडतात. रस्त्यांमध्ये तपासायला समृद्धी महामार्ग सोयीचा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. शिर्डीजवळ नकाशा मोठा करून बघा, तो रस्ताच नसेल तर उत्तर मिळालं.

शहरातली परीक्षा भंवरकुआँ आणि फूटी कोठी या चौराह्यांवर घ्या. तिथले उड्डाणपूल नकाशात आहेत का? एबी रोडवरचा बीआरटीएस, म्हणजे जाळ्या लावून बससाठी वेगळी काढलेली लेन, २०१३ पासून होता. २०२५ मध्ये हायकोर्टाने तो काढायला सांगितला, म्हणजे जाळ्या, वळणं आणि दुभाजकातले कट सगळं बदलायला निघालं. असला रस्ता कोणत्याही छापील किंवा साठवलेल्या नकाशाच्या आवाक्याबाहेरचा. पलासियाहून विजयनगरकडे जाताना स्वस्त नेव्हिगेटरने सांगितलेलं "उजवीकडे वळा" हे ऐकायचं, पण वळायचं ते समोर कट दिसला तरच.

दुकानातून बाहेर या, मग तपासा

उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवर आहेत. इतक्या लांबून आलेला सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की स्लॅबखाली तो मरतो. दुकानात यंत्र "सर्चिंग" दाखवत राहिलं, तर तो यंत्राचा दोष नाही. पण दुकानदार मग "डेमो मोड" लावून देतो. पडद्यावर गाडी पळते, बाई बोलते, सगळं छान. डेमोला उपग्रह लागतच नाहीत, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

यंत्र हातात घेऊन उघड्यावर या. जेल रोडच्या गल्लीतही आकाशाची पट्टी अरुंद असते, म्हणून शक्य असेल तर गाडी घेऊन दसरा मैदानासारख्या मोकळ्या जागी जा. "जीपीएस इन्फो" किंवा "सॅटेलाइट" असं पान उघडा. उपग्रहांच्या उभ्या पट्ट्या दिसतात. पोकळ पट्टी म्हणजे सिग्नल सापडला पण अजून कामाला लागलेला नाही, भरीव म्हणजे हिशेबात धरला. जागा ठरायला किमान चार भरीव पट्ट्या लागतात, आठ-दहा असल्या तर उत्तम. त्याच पानावर एचडीओपी असा आकडा असेल (उपग्रह आकाशात किती नीट पसरलेत ते तो सांगतो), तर तो दोनच्या खाली हवा. पाचच्या वर गेला की पडद्यावरच्या बाणावर विसंबू नका.

पहिल्यांदा वेळ लागतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, पण ती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या गोगलगायीच्या वेगाने. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पुरतं उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणजे कपाटात महिनोन्‌महिने पडलेलं यंत्र चालू केलं, तर एक ते पंधरा मिनिटांत केव्हाही जागा सापडू शकते. मधेच गाडी सुरू करून सियागंजच्या गर्दीत शिरलात, तर ३० सेकंदांचा तो तुकडा अर्धवट तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. गाडी उभी ठेवा, यंत्राला वरचं आकाश दिसू द्या. एकदा जागा सापडली की पुढचे तीन-चार तास बंद करून चालू केलं तरी ते काही सेकंदांत तयार होतं, कारण उतरवलेली माहिती साधारण तेवढा वेळ ताजी असते.

तिथेच तारीख बघून घ्या. जीपीएसमध्ये आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंत जाऊन शून्यावर येते, साधारण १९ वर्षं आणि सात-आठ महिन्यांनी. अशी पाळी शेवटची ६ एप्रिल २०१९ ला आली. ज्या जुन्या यंत्रांना त्यानंतर अपडेट मिळालं नाही, ती जागा बरोबर सांगतात पण वर्ष वीसेक वर्षं मागचं दाखवतात. रस्ता चुकत नाही, पण रात्रीचा गडद पडदा आपोआप लागणं बिघडतं. तारीख बरोबर आणि घड्याळ मात्र अडीच तास पुढे असेल, तर घाबरू नका: यंत्र चिनी वेळेवर आहे. टाइम झोन जीएमटी अधिक साडेपाच करा, झालं.

शेवटी आवाज. काचा वर करा, एसी दोनवर ठेवा आणि वाटाड्या बाईला बोलू द्या. या यंत्रांचा स्पीकर एक-दीड वॅटचा असतो, डिझेल गाडीत तो दबतो. काहींमध्ये एफएम ट्रान्समीटर असतो, म्हणजे आवाज गाडीच्या रेडिओवर ऐकू येतो. इंदुरात ९२ ते ९९ च्या दरम्यान खाजगी स्टेशनांची दाटी आहे, त्यामुळे ८८ च्या आसपास किंवा १०६ च्या पुढे रिकामी जागा शोधा. मराठी आवाजाची आशा धरू नका. हिंदी मिळतो, आणि रस्त्यांची नावं वाचणाऱ्या इंग्रजी आवाजापेक्षा तो बरा. इंग्रजी बाईच्या तोंडून भंवरकुआँ ऐकल्यावर हसू आवरेपर्यंत वळण मागे गेलेलं असतं.

काच, ऊन आणि वायर

पहिल्या वर्षात यंत्र बिघडतं ते बहुधा इथेच, म्हणून थोडं सविस्तर.

जागा: काचेच्या तळाशी, मधोमध किंवा किंचित ड्रायव्हरच्या बाजूला, पडद्याची वरची कड बॉनेटच्या रेषेच्या वर जाणार नाही अशी. उजव्या खांबाजवळच्या कोपऱ्यात लावायचा मोह होतो, पण रिंग रोडवर उजवीकडून घुसणारी दुचाकी त्याच कोपऱ्यातून दिसते. ऑल्टो, वॅगनआरसारख्या गाडीत सात इंची पडदा म्हणजे खिडकीत कपाट. पाच इंच पुरे. एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवू नका, आणि वायर खांबाच्या प्लॅस्टिकखालून नेताना तिथे बाजूच्या काचेवर उघडणारी एअरबॅग नाही ना ते बघा.

चिकटणारा कप: काच आधी साबणाच्या पाण्याने, मग कोरड्या कपड्याने पुसा. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉन पॉलिश काचेवर उडालेलं असेल तर कप दहा मिनिटांतच पडतो. जुना कप कडक झाला असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, कड मऊ होते. दाबताना मधला भाग काचेला टेकेपर्यंत दाबा आणि मग कळ फिरवा.

काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर उपग्रह अर्धे दिसेनासे होतात. तशा गाडीत बाहेरचा अँटेना लागतो. यंत्राच्या मागे रबरी बुचाखाली त्याचं बारीक गोल तोंड असतं, पण स्वस्त मॉडेलमध्ये कित्येकदा बुचाखाली नुसता खड्डाच असतो. घेण्याआधी नखाने उचकटून बघा.

आणखी एक चोर म्हणजे डॅशकॅम, समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा. हलक्या दर्जाचा डॅशकॅम किंवा त्याचा चार्जर जीपीएसच्या फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करतो. कालपर्यंत दहा पट्ट्या दाखवणारं यंत्र आज तीनवर आलं, तर डॅशकॅमची वायर काढून बघा. पट्ट्या परत आल्या तर दोन्ही यंत्रांत फूटभर तरी अंतर ठेवा, आणि चार्जर बदला.

आता ऊन. मे महिन्यात इंदुरात ४२-४३ अंश नवल नाही, आणि बंद गाडीत काचेजवळ त्याहून कितीतरी जास्त. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं तिचे कारखानदारच सांगतात. राजवाड्याला गाडी उन्हात लावून तासभर खरेदी केली, परत येऊन किल्ली फिरवली, की भाजलेल्या बॅटरीत लगेच करंट सुरू. असं दोन उन्हाळे झाले की बॅटरी फुगते. पहिली खूण पडद्यावर दिसते: मधोमध तेलाच्या डागासारखा ठिपका, आणि स्पर्श भलतीकडेच लागणं. ते दिसलं की यंत्र वापरणं थांबवा, टाचणी तर अजिबात लावू नका. मागची झाकणी चार बारीक स्क्रूंवर असते. आतल्या बॅटरीवर सहा आकडी नंबर छापलेला असतो, उदाहरणार्थ ५०३४५०. त्याचा अर्थ जाडी ५.० मिलिमीटर, रुंदी ३४, लांबी ५०. त्याच मापाची, ३.७ व्होल्टची, आणि वायरी दोन की तीन तेही जुळणारी बॅटरी मागा. तिसरी वायर तापमानाची असते. ती नसलेली बॅटरी लावली तर बरीच यंत्रं चार्जच घेत नाहीत. हे काम मोबाइल दुरुस्तीवाला करतो. आपण घरी करायची हौस असेल तर बॅटरी उचकटायला लोखंडी पेचकस वापरू नका.

उपाय साधा आहे: गाडी लावली की यंत्र काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये. काचेवरचा गोल ठसाही पुसा, तो ठसा बघून गाडी फोडणारे असतात. आणि परत आल्यावर आधी काचा उघडून पाच मिनिटं एसी, मग चार्जर.

चार्जर म्हणजे लायटरच्या भोकात बसणारा. यंत्राला ५ व्होल्ट आणि साधारण एक अँपिअर लागतो, चार्जर दीड-दोन अँपिअरचा असू द्या. कमी ताकदीच्या चार्जरवर विजेची खूण दिसते, पण तीन तासांच्या प्रवासात बॅटरी उतरतच जाते. चार्जरचं टोक फिरवून उघडतं. आत काचेचा फ्यूज आणि स्प्रिंग असते. चार्जर अचानक मेला तर आधी हाच फ्यूज बघा, मग गाडीचा. उघडताना खाली रुमाल धरा, ती स्प्रिंग सीटखाली गेली की गेली.

इंजिन स्टार्ट होताना व्होल्टेज क्षणभर कोसळतं, तेव्हा आधी इंजिन, मग यंत्र. उलट केलं तर ते मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि कधी कधी मेमरी कार्ड बिघडवतं. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही लायटरचं भोक चालूच राहतं. यंत्र १२ व्होल्टवर ०.४ अँपिअर खात असेल तर दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास होतात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तीन दिवस गावाला गेलात तर चौथ्या दिवशी धक्का मारायची तयारी ठेवा.

आणि यंत्राच्या मिनी-यूएसबी तोंडाची ती कुप्रसिद्ध अडचण. घरातली कुठलीही वायर गाडीच्या चार्जरला लावली तर काही यंत्रं नकाशा बंद करून कॉम्प्युटरचं चित्र दाखवत बसतात. तोंड तेच असलं तरी गाडीच्या वायरीत आतली एक पिन वेगळी जोडलेली असते, त्यावरून यंत्राला कळतं की हा चार्जर आहे, कॉम्प्युटर नाही. म्हणून यंत्रासोबत आलेली मूळ वायर जपा. वापरलेलं यंत्र घेताना ती वायर मागून घ्या, नसेल तर किंमत पाडा.

सेटिंग, जी कुणी लावून देत नाही

वाहन "कार" निवडा. "टाळा" या यादीत कच्चे रस्ते आणि फेरी या दोन्हींवर खूण करा. आपल्याकडे फेरीचा काय संबंध असं वाटेल, पण नर्मदेकाठी फिरताना नदीपार जाणारी नावेची वाट नकाशात असली, तर यंत्र तिलाही रस्ताच समजतं. टोल टाळायची खूण मात्र काढून टाका, नाहीतर ते तुम्हाला सर्व्हिस रोड आणि खेड्यांतून फिरवत बसेल.

"शॉर्टेस्ट" हा पर्याय इंदूरच्या जुन्या भागात शत्रू आहे. अंतर वाचवायला तो इतवारिया, बर्तन बाजार, कपडा मार्केटच्या बोळांत घालतो, जिथे हातगाडी आडवी आली की पाऊण तास गेला. "फास्टेस्ट" ठेवा.

पोचायच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. स्वस्त यंत्राला रहदारी कळत नाही. ते रस्त्याच्या दर्जावरून ठराविक वेग धरतं: महामार्ग म्हटला की ताशी अमुक, मग तो सपाट असो की घाट. इंदूर ते ओंकारेश्वर साधारण ८० किलोमीटर. सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्का. यंत्र दीड तासाच्या आत पोचवतं. घाटात चढणाऱ्या ट्रकमागे लागल्यावर काय होतं ते इंदूरकरांना सांगायला नको. यंत्रात वाहनाचा कमाल वेग ठरवता येत असेल तर तो ८० वरून ६० वर आणा, वेळ बरीच खरी होते.

शोधताना स्पेलिंग. या यंत्रांच्या कळफलकावर जुळणारी अक्षरंच उजळ राहतात, बाकीची फिकट होतात. राजवाडा शोधायला "आर ए जे" दाबलं की पुढे "डब्ल्यू" पेटतो की "बी", ते बघा. मराठी माणूस राजवाडा म्हणतो, हिंदी माणूस राजबाडा, आणि नकाशावाल्याने कुणाचं ऐकलं ते त्यालाच ठाऊक. सरवटे बस स्टँडचंही तसंच: "व्ही" नाही चालला तर "डब्ल्यू". पूर्ण नाव टाइप करत बसू नका, पहिली चार अक्षरं टाका आणि यादी उघडा.

घराचा पत्ता या नकाशांना जवळजवळ कळत नाही. कॉलनीपर्यंत नेतात, पुढे तुमचं तुम्ही. त्यावर तोड म्हणजे अक्षांश-रेखांश. फोनवर ठिकाण दाबून धरलं की दोन आकडे मिळतात, ते यंत्रात भरायचे. दशांशानंतर पाच आकडे भरलेत तर एका मीटरपर्यंत नेमकं. इथे एक खड्डा आहे. इंदूर म्हणजे २२ अंश ४३ कला उत्तर, ७५ अंश ५१ कला पूर्व. यंत्र दशांशावर लावलेलं असताना कुणी २२.४३ आणि ७५.५१ भरलं, तर ते खुशाल इंदूरच्या नैर्ऋत्येला, मानपूरच्या पलीकडच्या डोंगरात, पंचेचाळीसहून जास्त किलोमीटरवर नेऊन सोडेल. ४३ कला म्हणजे दशांशात ०.७१७. भरण्याआधी सेटिंगमधली पद्धत बघा.

गाडी चालू झाल्यावर

यंत्र सेकंदातून एकदाच जागा मोजतं. ताशी ६० ला गाडी तेवढ्यात जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यात मोजणीची चूक आणि नकाशावर बाण बसवायचा वेळ धरा. म्हणजे एकमेकांपासून पन्नास मीटरवर असलेल्या दोन वळणांपैकी कोणतं, हे ते वेळेवर सांगू शकत नाही. गीता भवन, पलासिया, अशा चौराह्यांवर आवाजापेक्षा पडद्यावरचा बाण आणि "पुढचं वळण इतक्या मीटरवर" हा आकडा बघायचा. तोही सोबतच्याने बघावा हे उत्तम.

बायपासवर राऊपासून मांगलियापर्यंत मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड शेजारी शेजारी धावतात. यंत्राची चूक आणि दोन रस्त्यांमधलं अंतर जवळपास सारखंच, त्यामुळे तुम्ही मुख्य रस्त्यावर असताना ते तुम्हाला सर्व्हिस रोडवर समजतं आणि भलतंच वळण सांगतं. उतरायचा कट चुकला तर पुढचा किती लांब, हे तिथे जाणाऱ्यांना माहीत आहे. बायपासवर पाटी बघून उतरायचं, यंत्राला नुसतं अंतर विचारायचं. उड्डाणपुलांवर हीच तऱ्हा उभ्या दिशेने. जीपीएसची उंचीची मोजणी आडव्या मोजणीपेक्षा बरीच कच्ची असते. पुलावर आहात की पुलाखाली, ते यंत्राला नीट कळत नाही, ते नुसता अंदाज करतं.

वेळेनुसार बंद होणारे रस्ते तर त्याच्या गावीही नसतात. रात्री सराफ्यात खाऊची दुकानं लागली की तो रस्ता गाड्यांचा राहत नाही. रंगपंचमीची गेर म्हणजे मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे चित्ररथ, त्या दिवशी राजवाड्याच्या चहूबाजूंनी बॅरिकेड. यंत्र तिथूनच जा म्हणत राहील. "रिकॅल्क्युलेटिंग"चा जप सुरू झाला की आवाज बंद करा आणि सरळ रिंग रोड गाठा.

गाडीचा काटा १०० आणि यंत्र ९३ दाखवतं, तेव्हा लोक यंत्राला दोष देतात. स्थिर वेगात सरळ रस्त्यावर यंत्रच जास्त खरं. गाडीचा काटा कधीही कमी दाखवता कामा नये असा नियम असल्याने कारखान्यातच तो थोडा पुढे ठेवलेला असतो.

मग हे यंत्र कामाला कुठे येतं? शहराबाहेर. पुण्याला निघालात, मानपूरचा उतार, खलघाटचा नर्मदेचा पूल, सेंधवा, बिजासन घाट, पळासनेर. इथे मोबाइलची रेंज येते-जाते, यंत्राला त्याची फिकीर नाही. धुळे-मालेगावनंतर नाशिकवरून जायचं की मनमाड-शिर्डी-अहिल्यानगरवरून, हे मात्र तुम्ही ठरवून मधला थांबा म्हणून भरा. यंत्रावर सोडलं तर ते किलोमीटरच्या फरकाने निवडेल, रस्त्याची अवस्था बघून नाही. बोगद्यात शिरलं की बाण थिजतो. बाहेर पडल्यावर काही सेकंद द्या, लगेच बटणं दाबत बसू नका.

फोन असताना हे कशाला?

प्रामाणिक उत्तर: बऱ्याच जणांना नकोच. फोनच्या आतही जीपीएसचा खरा रिसीव्हर असतो, त्याला जागा शोधायला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि रहदारी कळायला. गूगल मॅप्समध्ये इंदूर-धुळे पट्टा आधीच उतरवून ठेवला, किंवा ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमँडसारखं ॲप टाकलं, तर घाटात फोनही चालतो, आणि नकाशा फुकट ताजा. घरातला जुना अँड्रॉइड फोन, बॅटरी ठीक असेल तर, पाच हजारांच्या नेव्हिगेटरला मात देतो. शहरात तर तुलनाच नाही.

नेव्हिगेटर जिंकतो तो वेगळ्या कारणांनी. त्याच्यावर फोन येत नाहीत, व्हॉट्सॲप येत नाही. घरातले आजोबा आणि भाड्याचा ड्रायव्हर दोघंही तो चालवू शकतात: एक बटण, घर, जा. गाडी कुणीही नेली तरी तो गाडीतच राहतो. स्वस्त यंत्रांचा पडदा दाबून चालणारा असतो, हातात हातमोजा असला तरी चालतो. स्पर्श भलतीकडे लागायला लागला तर सेटिंगमध्ये "कॅलिब्रेट" करून फुल्यांवर पेनच्या बोथट टोकाने टेकवायचं. कायद्याची अडचण दोघांनाही सारखीच. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात फोन वाट बघण्यापुरता वापरायला मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. हातात धरून चालवाल तर चलान.

महिन्यातून दोनदा घाट ओलांडून गावी जाणाऱ्याने, आणि अपडेट मिळणारा नकाशा असेल तरच, घ्यावा. शहरातल्या शहरात विजयनगर ते राजेंद्रनगर करणाऱ्याने ते पैसे दोन टायरांत घालावे.

घेतलाच असेल तर पहिल्या दिवशी

कॉम्प्युटरला जोडा. विंडोज-सीई या जुन्या, छोट्या विंडोजवर चालणाऱ्या चिनी यंत्रात यूएसबी सेटिंग "मास स्टोरेज" करावी लागते, नाहीतर नव्या विंडोजला ते दिसतच नाही. आतली सगळी फोल्डरं जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. ही कॉपी नसेल तर एका चुकीच्या अपडेटनंतर यंत्र पेपरवेट होतं, आणि त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर पुन्हा मिळेलच याची खात्री नाही.

कार्ड टाकायचं तर जुन्या यंत्रांना ३२ जीबीपर्यंतचंच चालतं, आणि ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं हवं. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीहून मोठी राहत नाही, त्यामुळे भारताचा नकाशा एकाच मोठ्या फाइलीत असेल तर कॉपी होताना अर्ध्यात अडकेल. गार्मिन कंपनीच्या यंत्रात नकाशाची फाइल 'मॅप' किंवा 'गार्मिन' नावाच्या फोल्डरमध्ये जाते. फोल्डरचं नाव एका अक्षराने चुकलं तरी यंत्र नकाशा नाही म्हणतं. चिनी यंत्रात नकाशाचं बटण दाबूनही काही उघडेना, तर सेटिंगमध्ये "नेव्हिगेशन पाथ" बघा. कार्ड ढिलं होऊन निघालं की हा पत्ता पुसला जातो. तो पुन्हा कार्डावरच्या प्रोग्रामच्या फाइलीकडे वळवायचा, बास.

नको झालं आणि विकायला काढलंत, तर आधी "होम" म्हणून भरलेला पत्ता आणि मागच्या प्रवासांची यादी पुसा. यंत्र चोराच्या हाती लागायची धास्ती असेल तर "होम"मध्ये घराऐवजी कॉलनीच्या तोंडावरचा चौराहा भरलेला बरा, तिथून पुढे घर तुम्हाला सापडतंच.